थोरांची ओळख : लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

मुलांनो, सामान्यज्ञानाच्या तासाला आपण पुष्कळ शब्द पाठ करतो. जनित्र म्हणजे काय, प्रवर्तन म्हणजे काय, धनाग्र कशाला म्हणतात... विचारले की धडाधड उत्तर येते. पण ते तसे का होते, असे पुढे विचारले, की वर्ग एकदम चूप! यात तुमचा दोष नाही. शब्द आधी आला आणि वस्तू पाहायची राहून गेली, एवढेच झाले.

आज अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, की ज्याने वस्तू आधी पाहिली आणि मग तिच्यासाठी शब्द शोधले. विज्ञानाच्या पुस्तकातले कितीतरी शब्द त्याच्यामुळे आले. आणि गंमत अशी, की त्याला वरचे गणित मुळीच येत नव्हते!

आठवड्याला एक पाव

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये, लंडन शहराला लागून असलेल्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील जेम्स लोहारकाम करत. त्यांची प्रकृती अशक्त होती, त्यामुळे कामाचे खाडे पडत. घरात चार भावंडे. १८०१ साली तिकडे धान्य फार महागले. तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याचा एक पाव येई. तो मोठा पाव असायचा हे खरे, पण सात दिवस पुरवायचा! रोज किती तुकडे करायचे, हेच त्याचे पहिले गणित असेल.

शाळा म्हणाल तर जेमतेम. लिहिणे, वाचणे आणि पोटापुरते अंकगणित. १८०४ साली शाळा सुटली ती कायमचीच. जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे मायकेल पोऱ्या म्हणून लागला. तेव्हा वर्तमानपत्र महाग असे. गिऱ्हाइके ते भाड्याने घेत. एका घरी पेपर पोचवायचा, वाचून झाला की परत आणायचा, मग दुसऱ्या घरी न्यायचा, हे त्याचे काम. मुलगा चलाख आणि प्रामाणिक. वर्षभराने रिबोने त्याला पुस्तकबांधणीचा शिकाऊ उमेदवार करून घेतले. एरवी अशा उमेदवारीसाठी मालकाला पैसे मोजावे लागत. रिबोने ते घेतले नाहीत. अशी सात वर्षे मायकेलने पुस्तके शिवली, डिंक लावला, पुठ्ठे चढवले.

पण नुसते पुठ्ठे चढवून तो थांबला नाही, बरं का! बांधायला आलेली पुस्तके तो आतून वाचू लागला. एका मोठ्या ज्ञानकोशात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी रसायनशास्त्रावर गप्पांच्या रूपात पुस्तक लिहिले होते. ते त्याला फार आवडले. पुस्तकात लिहिले म्हणून खरे मानायचे, हे मात्र त्याला पटत नसे. चार पैशांत जमेल तो प्रयोग तो स्वतः करून बघे. १८१२ साली त्याने तांब्याची सात नाणी आणि जस्ताच्या सात चकत्या एकावर एक रचल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद ठेवले. झाला विद्युतघट तयार!

समजून घ्या – विद्युतघट : दोन वेगवेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये मिठाचे पाणी किंवा आम्ल असले, की रासायनिक क्रिया सुरू होते. बाहेरून तार जोडली, तर त्या तारेतून विद्युतभार वाहू लागतो. या वाहण्यालाच विद्युतधारा म्हणतात. असा पहिला घट इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जगापुढे मांडला. बॅटरीतला सेल हा त्याचाच वंशज.

बांधलेली वही

त्या काळी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने गाजत होती. डेव्ही म्हणजे सोडियम, पोटॅशियम शोधून काढणारे मोठे रसायनशास्त्रज्ञ. तिथे श्रीमंतांची गर्दी. लोहाराच्या मुलाला कोण विचारतो? पण दुकानातल्या विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने मायकेलला चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेल सज्ज्यात बसून टिपणे घेई. घरी येऊन ती स्वच्छ अक्षरात लिहून काढी, आकृत्या काढी. मग ती पाने त्याने स्वतःच्या हाताने छान बांधली आणि १८१२ च्या डिसेंबरात डेव्हींकडे पाठवली. सोबत नोकरीसाठी अर्ज.

लगेच काही जागा नव्हती. पुढे डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे कामावर रुजू झाला. बाटल्या धुणे, उपकरणे मांडणे, असे काम. राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांच्या खाजगी नोकराने ऐन वेळी यायला नकार दिला. ते काम फॅरडेच्या गळ्यात पडले. डेव्हींच्या पत्नी त्याला गड्यासारखेच वागवत. फॅरडेला हे झोंबे. परत जावे असेही मनात येई. पण त्याच प्रवासात त्याने पॅरिसला अँपिअर यांना आणि मिलानला खुद्द व्होल्टांना पाहिले. अपमान गिळून दीड वर्ष तो शिकत राहिला.

सुई हलली!

आता विजेकडे वळू. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना एक नवल दिसले. तारेतून विद्युतधारा सोडली, की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळते. म्हणजे वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते! सगळ्या युरोपात खळबळ उडाली.

फॅरडेने हे प्रयोग पुन्हा स्वतः करून पाहिले. चुंबकाचा जोर तारेभोवती गोल फिरतो, हे त्याच्या ध्यानात आले. १८२१ च्या सप्टेंबरात त्याने एका भांड्यात पारा घेतला, मध्ये चुंबक उभा केला, आणि वरून एक तार अशी लोंबती सोडली की तिचे टोक पाऱ्यात बुडेल. घट जोडला मात्र, तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली.

समजून घ्या – मोटर : वीज देऊन गती मिळवणारे यंत्र म्हणजे मोटर किंवा चलित्र. पंखा, विहिरीवरचा विजेचा पंप, मिक्सर, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या पोटात मोटरच असते. फॅरडेची ती पाऱ्यातली तार म्हणजे मोटरचे पाळण्यातले रूप.

या शोधाने नाव झाले, तसे तोंडही पोळले. विल्यम वोलस्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि डेव्ही याच विषयावर विचार करत होते. फॅरडेने घाईने लेख छापला आणि त्यात त्यांचा उल्लेख राहिला. मग काय! दुसऱ्याची कल्पना चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. वास्तविक फॅरडेचा प्रयोग वेगळा होता. पण आरोप चिकटला. पुढे रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव आले, तेव्हा अध्यक्ष होते डेव्ही, आणि त्यांनीच विरोध केला! ज्यांनी हात धरून वर आणले, तेच आडवे आले. तरी १८२४ साली फॅरडे निवडून आला. विरुद्ध फक्त एक मत पडले. गुरूबद्दलचा आदर मात्र त्याने सोडला नाही.

उलटा प्रश्न

विजेपासून चुंबकत्व मिळते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? प्रश्न साधा आहे. उत्तराला दहा वर्षे लागली.

मधल्या काळात फॅरडेवर दुसरी कामे होती. दुर्बिणींच्या भिंगांसाठी चांगली काच बनवण्याचे कंटाळवाणे काम तर वर्षानुवर्षे चालले. मधूनमधून तो तारेजवळ चुंबक ठेवून बघे. सुई ढिम्म! दुसरेही प्रयत्न करत होते. जिनिव्हाच्या कोलाडों यांची तर अगदी थोडक्यात चुकामूक झाली. चुंबकामुळे सुई बिघडू नये म्हणून त्यांनी सुई शेजारच्या खोलीत ठेवली होती. इकडे चुंबक तारेच्या वेटोळ्यात घालायचा आणि तिकडे जाऊन सुई बघायची. जाईपर्यंत सुई हलून जागेवर आलेली असे!

२९ ऑगस्ट १८३१. फॅरडेने एक लोखंडी कडे घेतले. कड्याच्या एका अंगाला तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले, दुसऱ्या अंगाला दुसरे. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातले. पहिले वेटोळे घटाला जोडले, आणि दुसऱ्याची तार होकायंत्राच्या सुईवरून नेली. जोडताक्षणी सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. घट तोडला, पुन्हा हलली, या वेळी उलट्या दिशेने. मधल्या वेळात, वीज सुरळीत वाहत असताना, सुई शांत.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हा किरकोळ झटका आहे. फॅरडेने त्या झटक्यालाच धरून ठेवले. १७ ऑक्टोबरला त्याने तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आत ढकलला. सुई हलली. बाहेर ओढला. उलटीकडे हलली. आत नुसता ठेवला. काही नाही.

गुपित उलगडले. चुंबक जवळ असून भागत नाही. तो हलला पाहिजे!

समजून घ्या – विद्युतचुंबकीय प्रवर्तन : तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व बदलत राहिले, कमी-जास्त झाले, तर त्या तारेत वीज निर्माण होते. बदल थांबला की वीजही थांबते. शब्द लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच.

समजून घ्या – जनित्र : गती देऊन वीज मिळवणारे यंत्र. म्हणजे मोटरच्या बरोबर उलट. २८ ऑक्टोबरला फॅरडेने मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड वाहणारी धारा मिळवली. जगातले ते पहिले जनित्र. जुन्या सायकलींच्या चाकाला लागून असायचा तो डायनामोही जनित्रच. चाक फिरे, आतला चुंबक फिरे आणि दिवा लागे.

समजून घ्या – प्रत्यावर्ती धारा : चुंबक आत गेला की धारा एका दिशेने, बाहेर आला की दुसऱ्या दिशेने. फिरत्या जनित्रात हे सारखे आलटून पालटून होत राहते. आपल्या घरात येणारी वीज अशीच आहे. तिच्या दिशेची अशी ये-जा एका सेकंदात ५० वेळा होते.

टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढे आपल्या कोयनेचे झाले. तिथे डोंगरावरून पाणी खाली येते, चक्र फिरवते, चक्राबरोबर जनित्र फिरते. कोळशाच्या केंद्रात हेच काम वाफ करते, पवनचक्कीत वारा. सूर्याच्या उन्हावर चालणारे पॅनेल तेवढे निराळे, त्यात काही फिरत नाही. बाकी जवळजवळ सारी वीज फॅरडेच्या त्याच युक्तीने तयार होते.

नवे शब्द घडवले

फॅरडेला पुढे दुसरी अडचण आली. क्षारांच्या पाण्यातून वीज सोडली की पदार्थ फुटून वेगळे होतात. वीज जितकी जास्त जाईल तितका पदार्थ जास्त सुटतो, हा नियम त्याने मोजून सिद्ध केला. पण हे सांगायला शब्दच नव्हते! जुने शब्द दिशाभूल करणारे. तेव्हा केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना त्याने पत्र लिहून ग्रीक भाषेतले योग्य शब्द विचारले. १८३४ साली ते शब्द जगात आले.

पाण्यात बुडवलेल्या दोन टोकांना इलेक्ट्रोड म्हणजे विद्युत अग्रे म्हटले. त्यांपैकी एक अॅनोड म्हणजे धनाग्र, दुसरे कॅथोड म्हणजे ऋणाग्र. आणि पाण्यातून या टोकांकडे जाणारे विद्युतभारित कण म्हणजे आयन. ग्रीक भाषेत आयन म्हणजे जाणारा. कसा नेमका शब्द आहे बघा! या सगळ्या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. पितळेच्या दागिन्यावर विजेने सोन्याचा मुलामा चढवतात, तो याच क्रियेने.

न दिसणाऱ्या रेषा

चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला, की किसाच्या वळणदार रेषा उमटतात. फॅरडेने मानले, की या रेषा नुसती नक्षी नव्हे. चुंबकाभोवतालची जागाच भारलेली असते. त्या भारलेल्या जागेला आपण चुंबकीय क्षेत्र म्हणतो.

बड्या गणित्यांना हे फारसे पटले नाही. त्यांच्यापाशी सूत्रे होती, फॅरडेपाशी चित्रे. त्याच्या हजारो नोंदींत मोठी समीकरणे सापडत नाहीत. पण चित्र पक्के होते. १८४५ साली त्याने दाखवले, की चुंबकाच्या जोराने काचेतून जाणाऱ्या प्रकाशावरही परिणाम होतो. काच कोणती माहीत आहे? पूर्वी कंटाळत कंटाळत बनवली होती, तीच!

पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने फॅरडेच्या रेषा गणितात बसवल्या. त्या गणितातून दिसले, की प्रकाश म्हणजे विजेच्या आणि चुंबकत्वाच्या लाटा. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, सगळे त्या वाटेने आले. तेव्हा फॅरडेला गणित येत नव्हते म्हणून आपणही गणिताला सुट्टी द्यावी, असे समजू नका हं! फॅरडेचे पाहणे आणि मॅक्सवेलचे गणित, दोन्ही चाके लागली तेव्हा गाडी पुढे गेली. फॅरडेने मात्र मॅक्सवेलला पत्र लिहून विनवले होते, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील.

पिंजऱ्यात बसलेला शास्त्रज्ञ

१८३६ साली फॅरडेने बारा फूट लांब, रुंद आणि उंच असा एक पिंजरा करवला. बाहेरून धातूची तार आणि पत्रा. त्याला यंत्राने इतका विद्युतभार दिला की बाहेर ठिणग्या उडत होत्या. आणि फॅरडे उपकरणे घेऊन आत बसला! आत विजेचा मागमूस नव्हता. भार धातूच्या बाहेरच्या अंगावरच राहतो. म्हणूनच आकाशात विजा कडाडत असताना पत्र्याच्या बंद गाडीत, काचा लावून, बसलेला माणूस सुरक्षित असतो. झाडाखाली उभा राहिलेला मात्र धोक्यात असतो. वळवाच्या पावसात शेतावरून येताना हे ध्यानात ठेवा.

समजून घ्या – फॅरड : विद्युतभार साठवणाऱ्या वस्तूला धारित्र किंवा कपॅसिटर म्हणतात. तिची साठवण्याची ताकद फॅरडमध्ये मोजतात. हे नाव फॅरडेवरूनच पडले. एक फॅरड फार मोठा असतो. छताच्या पंख्यातल्या कपॅसिटरवर बहुधा २.५ मायक्रोफॅरड असे काही लिहिलेले असते. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग.

मोठेपण

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या दिवसांत मुलांसाठी व्याख्याने होत. फॅरडेने अशी १९ व्याख्यानमाला दिल्या. नुसती मेणबत्ती घेऊन तो मुलांना ज्वाला, हवा, पाणी आणि आपला श्वास यांचा संबंध समजावून सांगे. त्या मेणबत्तीचे पुस्तक १८६१ साली निघाले आणि ते आजही वाचतात.

लहानपणापासून त्याला विसरण्याची भीती वाटे, म्हणून तो प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून लिहून ठेवी. हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. पुढे खरोखरच स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कधी कधी महिनोन्महिने काम बंद ठेवावे लागे. पण वही होती, म्हणून काम पुन्हा सुरू करता येई. फसलेले प्रयोगही त्याने त्या वहीत लिहिले, खाडाखोड करून लपवले नाहीत.

सर ही पदवी त्याने नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले, तेही घेतले नाही. शेवटची वर्षे राणी व्हिक्टोरियाने हँप्टन कोर्ट येथे दिलेल्या घरात गेली. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्याने देह ठेवला.

करून पाहा

१. दोरीला चुंबक बांधून ओढ्याच्या कोरड्या वाळूत फिरवा. काळे कण चिकटतील. ते कागदावर पसरा, खाली चुंबक धरा आणि कागदाला हलकेच टिचकी मारा. काय दिसते ते वहीत काढा.

२. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घ्या. तिच्या दोन तारांना लहान लाल एलईडी जोडा. मोटरच्या दांड्याला दोरा गुंडाळून झटक्याने ओढा. दिवा लुकलुकला नाही, तर एलईडीच्या तारा उलट करून पुन्हा ओढा. मोटरचे जनित्र झाले की नाही?

(घरातल्या विजेच्या बोर्डाला आणि खांबाला मात्र कोणीही हात लावायचा नाही!)

सांगा पाहू

चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवला तर वीज का मिळत नाही? मोटर आणि जनित्र यांत फरक काय? आणि कोलाडों यांची सुई हलत होती, तरी त्यांना ती का दिसली नाही?

उत्तरे पुस्तकातल्या व्याख्येत सांगू नका, आपल्या शब्दांत सांगा. ज्याने प्रयोग केला असेल, त्याला शब्द आपोआप सुचतील.